गाईडमधला सुहास

नववीला ‘माय बेस्ट फ्रेंड’ हा निबंध घरी लिहायला दिला की माझी चंगळ असते. साऱ्या वर्गाचा जिवलग मित्र एकच निघतो, सुहास. कुरळे केस, गालाला खळी, कधी खोटं बोलत नाही. बाजारातल्या एकाच गाईडमधून पोरं त्याला जसाच्या तसा उतरवून आणतात. वह्या तपासताना मला हसू येतं आणि हसता हसता अंगावर काटाही येतो. इतक्या घरांत, इतक्या हातांनी, वर्षानुवर्षं लिहिला गेलेला मुलगा नुसता कागदावर कसा राहील? एवढ्या लिहिण्याने त्याला थोडं तरी वजन येत असेलच.

परवा खोडी काढायची म्हणून मी वर्गात आवाज चढवला, “सुहास कोण आहे रे? उभा राहा.”

वर्ग खिदळला. “मॅडम, त्याने आज दांडी मारलीय,” मागून कुणीतरी म्हणालं.

फक्त सानिका हसली नाही. वडिलांच्या बदलीमुळे ती यंदाच या शाळेत आली, आणि अजून तिच्या बाकावर कुणी बसत नाही. तिच्या निबंधाच्या शेवटी गाईडमध्ये नसलेलं एक वाक्य होतं: डबा खाताना तो माझ्याशेजारी बसतो.

ती उठली. “मॅडम, उभा आहे तो. तुम्ही सांगितल्यापासून.”

तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत मी हळूच म्हणाले, “बरं. बस म्हणावं त्याला.”

बाक कुरकुरला. सानिका अजून उभीच होती.