काकीच्या डोक्यातल्या लाटा

मेंदूचं नाव काढल्याबरोबर तुम्ही सावरून बसला असाल. आता पांढरा कोट येणार, काचेमागचं मोठं यंत्र येणार. तर कोट माझ्याकडे नाय, यंत्र दप्तरात मावतं, आणि गंभीर चेहरा मी फक्त महाडच्या कॉलेजातल्या सरांची नक्कल करताना करतो. या गोष्टीत खोबरेल तेल मात्र भरपूर आहे.

झालं असं, की पुण्याच्या एका मॅडमना डोंगरातल्या वाड्यांवरच्या माणसांच्या मेंदूच्या नोंदी हव्या होत्या. डोक्याला टोपी घालायची, टोपीत बटणाएवढे सेन्सर, आणि मेंदूतली बारीकशी वीज लॅपटॉपवर रेघा काढत जाते. हे ईईजी. त्याचा थोरला भाऊ एमईजी, तो मेंदूतलं चुंबकत्व मोजतो, पण त्याचं यंत्र खोलीएवढं, ते काय आमची चढण चढणार नाय. दोघांच्याही नोंदी सॉफ्टवेअरवर कशा साफ करायच्या ते मॅडम मला ऑनलाइन शिकवायच्या. वाड्यांवर नोंदी घ्यायचं काम मिळायला अट एकच होती. स्वतः घेतलेली, स्वतः साफ केलेली एक नोंद दाखवायची. माणसाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला दहाएक लाटा उठतात, त्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत. दिसल्या तर काम माझं, नायतर टोपी परत पुण्याला.

आणि मला ते काम पाहिजेच होतं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं मुंबईला गेली. पोलादपुरात राहून लोकांच्या डोक्यात डोकावायला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडेल?

पहिली नोंद काकीची. कापडे गावाच्या वरच्या वाडीत राहते, शेळ्या पाळते. पडवीत बसवलं, टोपी घातली, समोर मोबाइल उभा केला. नोंदीबरोबर व्हिडिओही घ्यायचा असतो, माणूस कधी हलला ते कळायला.

घरी येऊन बघतो तर रेघा कसल्या, नुसता गोंधळ! मी एक फिल्टर लावला. मग दुसरा. मग सापडेल तो प्रत्येक. शेवटी रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट झाली. मी खूश. व्हिडिओ कॉलवर मॅडमना दाखवली.

मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘‘ही बाई जिवंत आहे ना?’’

‘‘हो मॅडम, सकाळी मला चहा दिला.’’

‘‘मग तिचा मेंदू कुठे गेला? घाणीबरोबर तोही पुसलास तू! आणि मुळात सेन्सर डोक्याला टेकलेलेच नाहीत. जा, परत घे.’’

पुन्हा चढण. काकी पडवीत बसलेली, केस चापूनचोपून बसवलेले, कपाळापर्यंत तेलाची चकाकी. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

‘‘काकी, त्या दिवशी पण तेल लावलं होतंस?’’

‘‘मग! तू डोक्याला हात लावणार, फोटो काढणार, नि मी भुतासारखी बसू? चांगलं वाटीभर जिरवलं.’’

‘‘अगो, त्या तेलावर सेन्सर टेकत नाय! धू ना डोकं.’’

‘‘आज उपास हाय. उपासाला केसावरनं पाणी घेत नाय मी. उद्या ये.’’

दुसऱ्या दिवशी काकीचे केस शिकेकाईने धुतलेले, चारी दिशांना उडणारे. मोबाइल समोर उभा केला, सेन्सर पटापट टेकले. आता फक्त सूचना द्यायच्या होत्या. साध्या आवाजात दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण मॅडमचा आवाज माझ्या घशात कधीपासून येऊन बसला होता. तोच बाहेर पडला, बारीक, नाकातला, प्रत्येक शब्द इस्त्रीचा.

‘‘हं, आता आपण अगदी हळुवारपणे डोळे मिटूयात, बरं का काकी?’’

काकी फुटलीच. ‘‘मेल्या, ही कोण रे भवानी?’’

स्क्रीनवर भूकंप. हसताना गालाचे, कपाळाचे स्नायू हलतात, त्यांची वीज मेंदूपेक्षा कितीतरी मोठी. मी तोंड दाबून गप्प बसलो. हळूहळू काकी शांत झाली, डोळे मिटले, आणि मागच्या सेन्सरवर लाटा उठल्या. एकसारख्या, वाऱ्यावर भाताचं शेत हलावं तशा. कधीतरी पडवीत आपणही गप्प बसावं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

यावेळी घाई नाय केली. हसण्याचा भाग खूण करून बाजूला काढला, एकच हलका फिल्टर लावला, बाकी मेंदू जाग्यावर ठेवला. महाडला नेट चांगलं, तिथे जाऊन अख्खं फोल्डर पाठवून दिलं.

संध्याकाळी फोन.

‘‘लाटा सुरेख आल्यात. काम तुझं.’’

मी उडी मारणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘‘थांब. नोंदीतला खराब भाग अगदी बरोबर काढलास. व्हिडिओतला कोण काढणार होतं?’’

व्हिडिओत माझा तो नाकातला आवाज जसाच्या तसा होता.

‘‘मी ‘हळुवारपणे’ म्हणते? ‘बरं का’ म्हणते? नोंद चालू असताना माणसाला हसवतात? हे असं शिकवलं मी? पुन्हा असा आगाऊपणा केलास तर मी स्वतः टोपी काढून घ्यायला येईन तिथे, बरं का!’’

वाडीवर पेढे घेऊन गेलो तर काकी दारातच. ‘‘काम मिळालं ना तुला? आणि माझे केस बघ, नुसता केरसुणीचा बुडखा झालाय! ठेव ते पेढे नि आत जाऊन तेलाची बाटली आण, मेल्या!’’