बिनपरवानगीची वाट

गुणाजी खवणेकर पंचवीस वर्षं फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत शिपाई होता. कायद्याच्या फायली त्याने डोक्यावरून, खांद्यावरून आणि पावसाळ्यात सदऱ्याखालून वाहिल्या, त्यामुळे कायदा आपल्या अंगात मुरलाय याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. मूळचा वेंगुर्ल्याकडचा, वीतभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवलेल्या घराण्यातला. अडतीस सालच्या दसऱ्याला त्याने वर्सोव्यात बिऱ्हाड केलं, आणि येताना गावाकडचं एकच शहाणपण सोबत आणलं : चालत राहिलं तर वाट, नाहीतर रान.

ती वाट म्हणजे चाळीच्या मागून माडांतून समुद्रावर उतरणारी पाऊलवाट. जेमतेम तीन हात रुंद. संध्याकाळ झाली की गुणाजी आणि त्याची बायको जानकी त्या वाटेने पाण्यावर जात. जानकीचे गुडघे गेले होते. लांबच्या रस्त्याने समुद्र मैलभर पडे आणि तेवढं चालणं तिच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. खाऱ्या पाण्यात पाय सोडून घटकाभर बसणं हीच तिची जत्रा आणि हेच तिचं माहेर.

छप्पन साली मधली वाडी तेलंगसाहेबांनी विकत घेतली. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पांढऱ्या सपाता घालून झाडांना पाणी घालणारे गृहस्थ. त्यांनी बंगला बांधला, कुंपण घातलं, आणि पाऊलवाट बरोबर कुंपणाच्या पोटात गेली. दोन्ही टोकांना फाटकं आली.

पहिल्याच दिवशी गुणाजी फाटक ढकलून आत शिरला. तेलंग ओरडले, गुणाजी त्याहून मोठ्याने ओरडला, आणि घरी आला तो खुशीत.

"झकास भांडण झाला!" तो जानकीला म्हणाला. "त्येनी अडवल्यान, मी गेलंय. ह्येका म्हणतत वहिवाट. वीस वर्षां भरली काय हक्क आपलो. दोनच रवली."

मात्र या दोन वर्षांत एकही दिवस चुकता कामा नये, हा कायदा त्याने स्वतःच काढला. मग काय विचारता! सख्ख्या भाचीचं लग्न बुडवलं, कारण वऱ्हाड रात्रीचं परतणार नव्हतं. एकदा हिवतापाने फणफणला तर शेजाऱ्यांकरवी खुर्चीत बसून वाटेवरून फिरून आला आणि येताना ग्लानीतच "नोंद घ्या, नोंद घ्या" म्हणत होता. नोंद कोण घेणार? माडावरचे कावळे?

तेलंगही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी वकील गाठला. वकील म्हणाला, "भांडू नका. परवानगी द्या. परवानगीने चालला की हक्क सांगायला तोंडच उरत नाही."

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली : 'मालकांच्या परवानगीने ये-जा करावी.' आणि खुद्द मालक हसतमुखाने उभे.

"या खवणेकर, या. अवश्य जा."

कचेरीत असल्या पाट्यांवरून बुडालेले खटले गुणाजीने पाहिले होते. "अवश्य म्हणायचं नाही!" तो ओरडला. "मी परवानगीशिवाय चाललोय!"

"खुशाल चाला."

"खुशालसुद्धा नाही!"

तेव्हापासून रोजचा हा पाठ. गुणाजी फाटकाशी येऊन गर्जायचा, "बिनपरवानगी चाललोय!" आणि तेलंग झारी बाजूला ठेवून नमस्कार करायचे. 'चहा घेता?' म्हटलं की गुणाजी साप दिसल्यासारखा पळायचा. वाळूतही तो बंगल्याकडे पाठ करूनच बसे. न जाणो, नजरानजर झाली आणि तेलंग पुन्हा 'अवश्य' म्हणाले तर? जानकी पाण्यातून उठून मागे जाई, "पायरीर वायच टेकतंय" म्हणे, आणि तो न बघताच मान हलवी.

अठ्ठावन्नचा दसरा आठ दिवसांवर आला तसा तेलंगांचा धीर सुटला. त्यांनी फाटकाला कुलूप ठोकलं. साठीतला गुणाजी धोतर खोचून रोज फाटकावरून चढून गेला. दोनदा धोतर फाटलं, एकदा तो स्वतःच वरती लटकला. वीस वर्षं मात्र भरली.

पण जानकीला काही फाटकावरून चढता येईना. ती आठ दिवस चाळीच्या ओट्यावर समुद्राच्या दिशेला तोंड करून बसली. तक्रारीचा एक शब्द काढला नाही, आणि तेच गुणाजीला सोसेना. एवढा हक्क मिळवला कुणासाठी? त्याने मामलेदार कचेरीत अर्ज ठोकला.

पंधरवड्याने मामलेदारसाहेब पाहणीला आले. माडाखाली खुर्ची मांडली. साहेबांनी सांगूनच टाकलं की वाट परवानगीने चालली असेल तर कुलूप राहील, हक्काने चालली असेल तर निघेल.

तेलंगांनी पाटी दाखवली. मग सावकाश म्हणाले, "शिवाय साहेब, अर्जदाराची पत्नी दोन वर्षं रोज माझ्या घरी चहा घेते. चहाला येणारा माणूस पाहुणा. पाहुणा परवानगीनेच येतो."

गुणाजीने जानकीकडे पाहिलं. जानकी माडाच्या शेंड्याकडे पाहत होती.

"चाय?" त्याचा आवाज चिरकला. "रोज? थंय?"

"मग? पायरीर बसान गुडघे दुखूचे थोडेच रवतत?"

वाट लागली. खुर्चीतून काढलेला ताप, बुडालेलं लग्न, फाटलेली धोतरं, सगळं एका कपात बुडालं. गुणाजी मटकन वाळूत बसला.

साहेबांनी तेलंगांच्या पत्नीला, सुहासिनीबाईंना बोलावलं. "बाई, यांना यायची परवानगी तुम्ही दिलीत?"

"मी?" सुहासिनीबाईंनी डोळे मोठे केले. "ती विचारते कुठे! पहिल्याच दिवशी फाटक ढकलून आली, ओटीवर बसली आणि म्हणाली, 'गुडघो दुखता गो, पाणी दी.' दुसऱ्या दिवशी म्हणाली, चाय टाक. मी टाकली."

"तुम्ही बोलावलं नाहीत?"

"बोलवायची सवड दिली तर ना! साहेब, मी इथे नवी आले तेव्हा या कुंपणामुळे माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. ही एकटी आली. उद्या विचारून यायला लागली तर मी दार उघडणार नाही."

"अहो, काय बोलताय!" तेलंग कळवळले.

"खरं तेच. आणि तीन आठवडे झाले, मी एकटी चहा पितेय. काढा ते कुलूप."

साहेबांनी मिशीत हसून 'विचारत नाही, म्हणजे हक्कानेच येते' असं लिहायला घेतलं. कुलूप निघालं, पाटी निघाली. उठताना साहेब सहज म्हणाले, "खवणेकर, रोज चालायची काही गरज नव्हती हं. मधून एखादा दिवस चुकला म्हणून हक्क बुडत नाही."

गुणाजीला भाचीचं लग्न आठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जानकी नेहमीसारखी पुढे निघून गेली. गुणाजी फाटकाशी आला. फाटक उघडं होतं. गर्जायला तोंड उघडलं, पण आता गर्जायचं कशासाठी? मग टोपी काढून हातात घेतली आणि खाकरला.

"साहेब, येऊ का?"

तेलंगांच्या हातातली झारी पडली.

"अहो खवणेकर, विचारताय काय? मुकाट्याने आत या. पुन्हा विचारलंत तर हो म्हणेन मी!"