खडखडीत वाळलेलं बी

सोलापूरच्या अडत बाजारात मी चाळीस वर्षं तोलार होतो. शेतकऱ्याचा माल आला की काटा माझ्या हातात. माझे डोळे बांधा, ज्वारीचा एक दाणा तोंडात टाका, दाताखाली धरून सांगतो, हा मोडनिंबचा की करकंबचा. चाळीस वर्षांत एकदाही चूक निघाली नाही.

निघणार कशी? दाण्याला विचारायला कोण जाणार होतं?

शिक्षण म्हणाल तर चौथी पास. पाचवीत मास्तरांच्या टोपीत खाजकुयली टाकली, तिथं आमचं विद्यापीठ संपलं. खोड मात्र संपली नाही. सत्तरी उलटली तरी गल्लीत असा माणूस नाही ज्याला मी एकदा तरी बनवलं नाही. या खेपेला मीच कसा बनलो ते सांगतो. चहा तेवढा खाली ठेवा. हसताना कपबशी फुटली तर आमची मंडळी मला बोलते, तुम्हाला नाही.

तर आमच्या वरच्या खोलीत एक नवं जोडपं भाड्यानं राहतं. सागर आणि लावण्या. सागर मोडनिंबचा, शेतकऱ्याचं पोरगं, इथं मोबाइलच्या दुकानात कामाला. लावण्या सोलापूरचीच, विणकराच्या घरची. माहेरी तेलुगू बोलतात. चादरीचा धागा नुसता बोटाला लागला तरी कसला आहे ते सांगेल. दोघांनी आपल्या मनानं लग्न केलं आणि सागरची आई रुसली. वर्षभर फोनवर फक्त लेकाशी बोलायची. या नवरात्रात मात्र तिनं निरोप धाडला, "सातव्या माळंला येते. घट कसा उगवलाय बघते."

घट बघते. सून बघते असं काही ती म्हणाली नाही. कळलं ना?

आता लावण्याच्या माहेरी या दिवसांत फुलांची रास रचतात आणि बायका तिच्याभोवती फेर धरतात. घट तिनं कधी बसवलेला नव्हता. पत्रावळीवर काळी माती, मातीत धान्य पेरायचं, मधे पाण्याचं मडकं, वर रोज एक माळ. नऊ दिवस घट जागचा हलवायचा नाही. दाट उगवलं की घर भरभराटीला येतं, असं आपण मानतो. हे सगळं तिनं बिचारीनं विचारून विचारून वहीत लिहून घेतलं होतं. घटस्थापनेच्या सकाळी बी मागायला खाली आली. आमची मंडळी देवळात गेलेली. घरात मी एकटा.

"तात्या, काकू सात धान्यं देणार होत्या."

"काकूला काय कळतंय धान्यातलं? बस हितं."

फळीवर तेलाचे दोन जुने डबे, धान्य भरून ठेवलेले. मी त्यातला एक काढला. चष्मा लावला नाही, कारण तोलाराला चष्मा लागतो हे कुणाला दिसू नये. वासाचं म्हणाल तर माझं नाक तपकिरीनं कधीच निवृत्त केलंय. दातांची कवळी वाटीत होती, ती घाईनं बसवली. एक दाणा दाताखाली धरला. कट् करून आवाज आला.

"नंबर एक," मी म्हणालो. "असला खडखडीत वाळलेला माल चाळीस वर्षांत बघितला न्हाय."

आणि ते अगदी खरं होतं हो.

ओंजळभर धान्य तिच्या ताटात ओतलं. ती धागा तपासावा तशी दाणा न् दाणा बघत होती. मग म्हणाली, "तात्या, ज्वारी हाय, गहू हाय, मूग हायती. पण हे धणे कशाला?"

धणे? मला कुठं दिसत होते! पण तोलार असा गप्प बसतो होय? सांगून टाकलं, नव्या सुनेचा पहिला घट असला की धणे घालायचे असतात, घटाला वास चांगला येतो. तिनं तेही वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या माळेला आमच्या खालच्या घटात पांढरे कोंब वर आले. वरच्या घटात नुसती काळी माती.

मला आनंदच झाला. वाईट वाटून घेऊ नका, पण चेष्टेला असा माल रोज येत नाही. सागरला सांगितलं, घटावर नवऱ्याची सावली पडली की कोंब लाजतो. झालं! तेव्हापासून तो कामावरून आला की दारापासून मोरीपर्यंत रांगत जायचा. चांगला ताडमाड गडी, इस्त्रीची पँट, आणि गुडघ्यावर! मी जिन्यात बसून बघायचो. चौथ्या दिवशी म्हटलं, कोंबाला मोबाइलचा उजेड सोसत नाही. दोघांनी फोन बंद करून कपाटात टाकले, आणि सागरचा मालक त्याला शोधत आमच्या दारात आला. लावण्याला म्हटलं, तुझी बोटं धाग्याची, मातीला तुझी ओळख नाही, जरा गोडीनं बोल तिच्याशी. ती बोलायला लागली. आधी मराठीत. मग तेलुगूत.

पाचव्या माळेला सकाळी मी काहीतरी नवीन सुचवायला जिना चढत होतो. आतून लावण्याचा आवाज आला. सागरला सांगत होती, "आई म्हणतील, परक्या घरची पोरगी. देवीनं पण हिच्या हातचं घेतलं न्हाय."

सागर तिची समजूत घालत होता. तो रांगतच असावा, कारण आवाज खालून येत होता. एरवी मी जिन्यात लोळलो असतो. पण त्या दिवशी हसू आलं नाही. आल्या पावली खाली उतरलो.

दुपारी मन रमेना म्हणून मंडळीला म्हटलं, थालीपीठ कर. उपास तिचा होता, माझा नव्हता. ती म्हणाली, भाजणीचं धान्य भाजून ठेवलंय, दळायचंय, गिरणीत तेवढं देऊन या. फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं आणि थांबली.

"कमी कशी झाली ओ भाजणी? मी काठोकाठ भरली हुती."

मी डब्यात डोकावलो. या वेळी चष्मा लावून. तांबूस ज्वारी. तांबूस गहू. तांबूस मूग. आणि धणे.

आता तुम्हीच सांगा, भाजलेलं धान्य नऊ दिवसांत काय, नऊ वर्षांत तरी उगवेल का? आणि ती पोर त्याच्याशी दोन दोन भाषांत बोलत होती!

शहाण्या माणसानं वर जाऊन खरं सांगितलं असतं. पण मग चाळीस वर्षांचं नाव? शिवाय ते नाव मीच मोठं केलेलं, दुसरं कुणी सांभाळणार नव्हतं. मी मंडळीला म्हणालो, उंदीर असंल. आणि बोलता बोलता ओट्याकडं नजर गेली. तिथं ओल्या फडक्यात मटकी बांधून ठेवली होती. झकास मोड आलेली.

संध्याकाळी वर गेलो. पोरांना म्हटलं, उद्याच्या माळेला तरवडाची पिवळी फुलं पाहिजेत, बार्शी रोडला शेताच्या कडेनं मिळतील, गाडीवर जाऊन या. देवीच्या दिव्याजवळ मी बसतो. मटकीचं फडकं मी टोपीत दडवलं होतं. त्याचं पाणी कपाळावरनं ओघळत होतं. लावण्या जाताना काळजीनं म्हणालीसुद्धा, तात्यांना घाम लई आलाय.

गाडीचा आवाज लांब गेला तसे मी देवीला हात जोडले, म्हटलं, आई, जरा वेळ डोळे मीट. घट हलवायचा नव्हता, म्हणून मातीत बोटानं भोकं पाडून मटकी खोचायला लागलो. आधी बेतानं, मग घाईघाईनं, मग सगळीच.

सातव्या माळेला सकाळी वरून लावण्याची हाक आली. जाऊन बघतो तर घट हिरवागार! ती माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला. निर्लज्जासारखा, दोन्ही हातांनी.

अकराच्या एसटीनं सागरची आई आली. हातात पिशवी, ओठ घट्ट मिटलेले. पाण्याचा तांब्या बाजूला सारून सरळ घटासमोर उकिडवी बसली. बघत राहिली. लावण्यानं पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

"नुसती मटकी हाय," बाई म्हणाली. "ज्वारी कुटं गेली? गहू?"

बाईनं कडेची माती जराशी उकरली, एक दाणा काढला, पदराला पुसला आणि दाताखाली धरला. कट्! ही विद्या मोडनिंबलाही आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बी कुणी दिलं?"

"तात्यांनी," लावण्या म्हणाली. "चाळीस वर्षं तोलार हुते ते."

बाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग दुसरा दाणा काढून सुनेच्या तळहातावर ठेवला. "खाऊन बघ."

लावण्यानं चावला. "आई, हे तर थालीपीठासारखं लागतंय."

आणि ती बाई, वर्षभर सुनेशी एक शब्द न बोललेली, तिथंच फतकल मारून बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता सुनेला हाताला धरून शेजारी ओढलं.

"भाजल्यालं बी कुणाच्या हातानं उगवंल गं? तुझ्या हाताला काय झालंय? येडी."

लावण्या हसत होती का रडत होती, ते मला चष्म्यातनंही कळलं नाही.

तेवढ्यात आमची मंडळी हळदीकुंकवाचं ताट घेऊन वर आली. तिनं घटातली मटकी बघितली. मग मला बघितलं.

"आणि मी दोन दिस उंदराला पिंजरा लावून बसले," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी दिव्याची वात सारखी करायला लागलो. सागर अजून गुडघ्यावरच होता. त्यानं हळूच विचारलं, "तात्या, मग ते सावलीचं?"

"ते खरं हाय," मी म्हणालो.

पण तो उभा राहिला. चार दिवसांत पहिल्यांदा त्या खोलीत ताठ उभा राहिला, आणि मी काही बोलायच्या आत त्याच्या आईनं मला खाली बस म्हणून खूण केली.

बाई दसऱ्यापर्यंत राहिली. मधे एका संध्याकाळी लावण्याच्या माहेरी फुलांची रास बघायला गेली आणि तिथल्या बायकांच्या फेरात शिरली म्हणे. पायाला लय सापडेना, पण बाहेर काही येईना.

दसऱ्याला आपल्याकडं घटातला तुरा टोपीत खोचतात. गल्लीतल्या बाकी म्हाताऱ्यांच्या टोपीत ज्वारी-गव्हाचे पिवळे तुरे. माझ्या टोपीत सागरनं वरच्या घटातली मटकी खोचली. ज्या टोपीतनं वर गेली, त्याच टोपीत परत आली. दिवसभर जो भेटेल तो विचारायचा, तात्या, उसळ कधी?

मी पण हार मानणारा नाही. सोनं द्यायला वर गेलो तेव्हा आपट्याच्या पानांबरोबर एक पुडी नेली. सात धान्यं, कच्ची, चष्मा लावून निवडलेली, वर मंडळीला दाखवून आणलेली. लावण्याच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "पोरी, पुढच्या वर्षीच्या घटाला. तोलाराच्या हातचं बी हाय. धणे न्हाईत."

तिनं पुडी सोडली. एक दाणा उचलला, माझ्याकडं बघत दाताखाली धरला, कान देऊन ऐकल्यासारखं केलं. मग पुडी पुन्हा बांधली आणि फळीवर ठेवली.

"आदी चार दाणे कुंडीत टाकून बघते, तात्या. उगवले तर घटाला, न्हाय उगवले तर थालीपीठाला."