सावकाशराव मागच्या सीटवर

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांत रोपं लावतात, डॉक्टरला गुडघे दाखवतात, नाहीतर शेजाऱ्यांना सल्ले देत सुटतात. सावकाशरावांनी यातलं काहीच केलं नाही. ते नुसते दमले. नोकरीत असताना दमायला सवडच मिळाली नव्हती, ते सगळं आता एकदम अंगावर आलं. दात घासून झाले की त्यांना वाटे, एवढं काम झालं, आता जरा बसावं. बसले की वाटे, बसण्यातही कष्टच आहेत, आडवं व्हावं.

त्यांचं खरं नाव फक्त पगार काढणाऱ्या कारकुनाला ठाऊक होतं. शहराच्या बसवर ते चालक होते आणि दर थांब्यावर आरशात बघून म्हणायचे, "सावकाश उतरा." लोक सावकाश उतरत, बस उशिरा पोचे, आगारप्रमुख आकाशपाताळ एक करी, आणि पुढच्या फेरीला हे पुन्हा, "सावकाश उतरा." शेवटी आगारानं त्यांचं नावच सावकाश ठेवलं. 'राव' मात्र निरोपाच्या हाराबरोबर मिळालं.

अशा माणसाला जावई मिळाला तो डोंगरी सायकलीचं वेड लागलेला. तीही साधी नव्हे, विजेची. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावायची आणि सुटी मिळाली की डोक्यावर टोप चढवून चिखलात लोळायचं, असा त्याचा दुहेरी संसार. लग्नानंतर त्यानं बायकोलाही तशीच एक सायकल घेऊन दिली. बायकोनं, म्हणजे सावकाशरावांच्या लेकीनं, ती हसून घेतली. ते हसू नीट बघायला हवं होतं, पण चष्मेवाल्याचं लक्ष सायकलीकडे.

त्या रविवारी जेवणं आटोपल्यावर जावयानं टेबलावर नकाशा पसरला.

"पुढच्या महिन्यात आपण मोटारहोम भाड्यानं घ्यायचं. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं!"

"हे सगळं इथं आहे की," त्याच्या सासूबाई, म्हणजे सावकाशरावांच्या पत्नी, म्हणाल्या. "मग बाहेर कशाला जायचं?"

"आई, ते घर डोंगरात जातं."

"जाऊ दे. केरही बरोबरच येणार ना? तिथं तो काढायचा कुणी?"

जावयानं केराला वळसा घातला. "रात्री वीज मिळेल अशा तळावर मुक्काम. तिथं बॅटऱ्या चार्ज करायच्या. सकाळी आम्ही दोघं सायकलींनी जंगलातून वर जाणार, पलीकडून खाली उतरणार. तोवर मोटारहोम रस्त्यानं वळसा घेऊन पायथ्याशी येऊन थांबणार."

"आपणहून?"

"बाबा आहेत ना!"

सगळ्यांनी सावकाशरावांकडे इतक्या प्रेमानं पाहिलं की ते खुर्चीत मागे मागे सरकत पाठीला टेकले. त्यांनी चहाचा कप उचलला, रिकामा होता, तरी प्यायले.

"बरं," ते म्हणाले.

हे 'बरं' त्यांच्या घशात कायमचं मुक्कामाला होतं. एखादा सहकारी आजारी पडला की आगारप्रमुख विचारी, "सावकाश, एक फेरी जास्तीची?" आणि हे "बरं" म्हणत. सासरच्यांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का, तेव्हाही ते "बरं"च म्हणाले होते. सासूबाई ते अजून विसरल्या नव्हत्या.

पण या खेपेला आत काहीतरी खुपलं. मागच्याच आठवड्यात, कुणी नसताना, त्यांनी लेकीची सायकल गल्लीत काढली होती. पायडलवर जरासा पाय दिला आणि पाठीवर कुणीतरी हात ठेवून पुढे न्यावं तशी ती निघाली. दवाखान्याकडचा चढ, जिथं बसचं इंजिन कण्हायचं, तिथंही तो हात सुटला नाही. उभा जन्म त्यांनी शहराला ओढलं होतं. त्यांना कुणी ढकलण्याची ही पहिलीच वेळ. सायकल जागेवर ठेवताना त्यांना रडू येईलसं वाटलं, पण तेवढी ताकद नव्हती म्हणून ते झोपले.

तेव्हापासून एकच हवं होतं. त्या सायकलीवरून, जिथं बस जात नाही अशा वाटेनं, एकदा डोंगर चढायचा. आणि हे सांगायचं कसं, तेच जमत नव्हतं.

पुढच्या शनिवारी सगळे भाड्याच्या गाड्यांच्या आवारात गेले. किल्ल्यांचा जुडगा पोटावर वाजवत मालक म्हणाला, "चालवणारानं आधी शहरात एक चक्कर मारून दाखवायची. लोक कमानीखाली छप्पर ठेवून येतात."

"आमचे बाबा बसचालक होते," जावई छाती काढून म्हणाला.

"मग काय, झोपेत चालवतील!"

ते अगदी खरं निघालं. सावकाशराव बसले, आरसे लावले, आणि हातापायांनी कारभार हाती घेतला. चौक, वळण, सिग्नल, सगळं लोण्यासारखं. टपाल कचेरीच्या अलीकडे गाडी हळूच कडेला आली आणि थांबली. बरोबर बसथांब्यावर.

काहीतरी दाखवायचं असेल, असं वाटून लेकीनं बाजूचं दार उघडलं. पिशवी घेऊन एक म्हातारी आत चढली आणि थेट पलंगावर बसली.

"बाई गं! गाद्यासुद्धा?" तिनं दोन्ही हातांनी गादी दाबून पाहिली. "आमच्या मार्गाला कधी नव्हे ते काहीतरी चांगलं आलं. दवाखान्यापर्यंत जाते ना?"

"आजी, ही बस नाही," जावई म्हणाला.

"थांब्यावर थांबते, दार उघडते, मग काय विमान आहे?"

सावकाशरावांनी गाडी सोडलीसुद्धा. सासूबाईंनी म्हातारीला पाणी दिलं. म्हातारी म्हणाली, नव्या बसमधले कर्मचारी वागायला फार चांगले. दवाखान्यापाशी गाडी थांबली, आणि चालकाच्या जागेवरून आवाज आला, "सावकाश उतरा."

दार लागल्यावर जावई हसून हसून सीटवरून घसरला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. हसत नव्हते ते सावकाशराव. हात स्टिअरिंगवर तसेच, गाडी सुरू, पण पुढे जाईना.

"बाबा, चला ना. मागची खरी बस भोंगे वाजवतेय."

"मी नाही चालवणार."

"आज?"

"डोंगरात. मला गाडीत बसवलं की मी थांबे घेतो. तिथंही घेईन. प्रत्येक झाडापाशी." त्यांनी मोठा श्वास घेतला. "मला ती सायकल हवी आहे."

"कुठली?" जावयानं विचारलं.

"ढकलते ती."

मागची बस ठणाणा करत होती. जावई बोटांवर मोजत म्हणाला, "पण मागच्या स्टँडवर दोनच सायकली बसतात. एक माझी, आणि एक—"

"माझी घ्या!" लेक इतक्या घाईनं म्हणाली की सगळे तिच्याकडे बघायला लागले. "बाबांना माझी द्या. मोटारहोम मी नेते."

"अगं, पण तुला तर उतार आवडतो!"

"डोळे गच्च मिटून आवडतो. लग्न झाल्यापासून मिटूनच आहेत. ही गाडी बरी, ब्रेक दाबला की थांबते."

चष्मेवाल्याचा चेहरा खालची ओळ वाचता न आल्यासारखा झाला. सासूबाई त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाल्या, "असू द्या, जावईबापू. माणसाला काय हवंय ते या घरात फार उशिरा कळतं. मला तर नुसतं 'बरं' मिळालं होतं."

"चांगल्या अर्थानंच म्हणालो होतो," सावकाशराव जागेवरून उठत म्हणाले.

"तेही आज कळलं."

लेक पुढे गेली. सावकाशराव मागे खिडकीपाशी बसले. या रस्त्याला त्यांनी सदा समोरून किंवा आरशातून पाहिलेलं. दुकानांच्या वर माणसं राहतात, गॅलरीत कपडे वाळतात, एक मांजर कठड्यावर झोपतं, हे आज दिसलं. लेकीनं वळण घेतलं की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जाई. मग तो कमी कमी दाबला जाऊ लागला. मग थांबला.

आवारात गाडी शिरली तेव्हा त्यांची मान खिडकीला टेकली होती आणि तोंड उघडं होतं. मालक किल्ल्या वाजवत आला. "काय, झोपेत चालवली की काय?"

सासूबाईंनी त्याला बोटानं गप्प केलं. त्या शेजारी येऊन बसल्या. मग नवऱ्याच्या दंडाला हात लावून हलकेच म्हणाल्या, "अहो, शेवटचा थांबा आला. सावकाश उतरा."

डोळे न उघडता ते म्हणाले, "अजून एक चढ बाकी आहे ना?"

"आहे की," त्या म्हणाल्या. "तो पुढच्या महिन्यात."