सहा गोळ्या, एक घोट

अकोल्याच्या मे महिन्यात मी स्वेटर घालून बसायचो. नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं, आणि घरात कूलर बंद, कारण मला थंडी वाजायची. बायको ओला पंचा मानेवर टाकून फरशीवर पडून राहायची. मानेवर घामोळ्या उठल्या होत्या. मला त्या दिसायच्या. वाटायचं मात्र काही नाही.

किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. थकवा, थंडी, सुजलेला चेहरा, सगळ्याचं खापर आम्ही किडन्यांवर फोडलं. त्याच उन्हाळ्यात आई गेली. माझे डोळे कोरडे. तेराव्याला लोक म्हणाले, मास्तर घट्ट आहेत. लोक गेल्यावर बायकोने विचारलं, "मी मेली त तुमाले असंच काई नाई वाटनार का?"

"मालूम नाई," मी म्हणालो. खरं तेच होतं.

ती उठून भांडी घासायला गेली. असं उत्तर दिल्याची मला लाजही वाटली नाही.

पावसाळ्यात अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. थायरॉईड मंदावलेलं निघालं; त्याने थंडी वाजते, मनही बधिर होतं. किडनीच्या रोग्यांत हे बऱ्याचदा होतं, लक्षणं सारखी म्हणून लक्षात येत नाही, असं त्या म्हणाल्या. गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी रिपोर्ट तसाच. डोस वाढवला, तरी तसाच. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "गोळ्या घेता कशा?"

मी ऐटीत सांगितलं. अंगात पाणी साठतं म्हणून दिवसाला मोजून एक लिटर, मग प्रत्येक गोळीला वेगळा घोट कोण देणार? सहाच्या सहा गोळ्या नाश्त्यासोबत तोंडात, वर एक घोट, खलास. गणिताचा मास्तर होतो शेवटी.

त्यांनी कपाळाला हात लावला. कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवत होती, रक्तात जाऊच देत नव्हती. "ही सकाळी उपाशीपोटी, एकटी घ्यायची. कॅल्शियम चार तासांनी."

"अती शहाना त्याचा बैल रिकामा." परतताना मूर्तिजापूरपर्यंत बायको एसटीत एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवसापासून ती उजाडताच एक गोळी आणि एक घोट पाणी घेऊन समोर उभी राहू लागली. त्या घोटापायी माझा दुपारचा चहा अर्ध्यावर आला.

एप्रिल लागला. कूलर सवयीने बंदच होता. एका दुपारी मी स्वेटर काढला.

"कूलर लाव वं. गरम होऊन रायलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने बटण दाबलं आणि माझ्याकडे पाठ करून, अंबाडा हाताने वर धरून कूलरपुढे उभी राहिली. मानेवर घामोळ्यांचा लाल पट्टा होता. माझ्यापायी ही बाई दुसरा उन्हाळा उकडत होती. मला रडू फुटलं, आधी तिच्यासाठी, मग आईसाठी.

कूलरच्या घरघरीतही तिला ते ऐकू गेलं. ती वळली नाही.

"रडा," ती म्हणाली. "तेवढंच पानी कमी होते."