अक्काच्या हातचं सारू

सिटी बस चालवून खंडोजीने काय कमावलं, तर पोटाचं दुखणं. दुपारचं जेवण संध्याकाळी, नाहीतर नुसत्या कॉफीवर दिवस ढकललेला. पुढे पुढे दोन घास पोटात गेले की आग आणि पळापळ सुरू व्हायची. आणि बस सोडून ड्रायव्हरने पळायचं तरी कुठे? गोळ्या झाल्या, तपासण्या झाल्या. शेवटी बायकोने, अनुसूयाने, त्याला चामराजपेटेतल्या सुधींद्र वैद्यांपुढे नेऊन बसवलं.

वैद्यांनी चूर्ण दिलं आणि जिभेला कुलूप घातलं. मऊ भात, जिरं घातलेलं ताक, दुधी. तिखट, आंबट, मटण बंद. दुखणं हळूहळू उतरलं, पण मन काही चूर्णाने भरत नाही. खंडोजी झुरत होता तो थोरल्या बहिणीच्या, सकवारबाईच्या, हातच्या मटणाच्या सारूसाठी, पातळ झणझणीत रश्श्यासाठी. भाऊबीजेला ओवाळून झालं की बहिणीने सारू वाढायचं, ही त्यांच्या घरची रीत. नाकाडोळ्यांतून पाणी काढणारं ते सारू आईचं. आई गेल्यावर ती चव अक्काकडेच उरली होती. आता दर भाऊबीजेला त्याच्या ताटात ताकभात पडायचा. तो मान खाली घालून, इतरांच्या ताटांकडे न बघता जेवायचा आणि घरी येऊन अनुसूयावर उगाच चिडायचा.

सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी वैद्यांनी नाडी पाहिली. म्हणाले, "सरी, ठीक आहे. आता मटण खा. पण स्वल्प."

खंडोजीला धीर कुठला! ड्यूटी संपताच तो अक्काकडे सांगायला गेला.

भाऊबीजेला सारू ताटात आलं. त्याने पहिला घास घेतला आणि थांबला. ना झणका, ना तो वास. नुसतं मिळमिळीत.

"वैद्यांना भिऊन मसाला कमी घातलास काय, अक्का?"

"नाही रे. आईसारखंच केलंय." सकवारबाईने बोट बुडवून चाखलं आणि तिचा चेहरा उतरला. "तुझं पथ्य लागल्यापासून केलंच नाही मी. तू ताकभात खायचा आणि आम्ही सारू ओरपायचं, हे घशाखाली उतरलं असतं काय? आईने माप कुठे सांगितलं होतं? हाताला येत होतं, तेवढंच."

खंडोजीला भडभडून आलं. इतकी वर्षं आपण एकटेच उपाशी आहोत, असं तो समजत होता.

"दर रविवारी कर," तो म्हणाला. "मी येतो जेवायला. हळूहळू येईल परत."

"आणि नाही आलं तर?"

खंडोजीने त्याच सारूत भात कालवला आणि तो जेवू लागला.