मामाची दोरी आणि माझा नंबर

माझ्या डोळ्यांचा नंबर मामानं दोरीनं उतरवला.

डॉक्टर नाही, औषध नाही, नुसती दोरी. आणि तो खरोखर उतरला यावर माझा विश्वास बसला, हे त्याहून थोर! मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, मॅट्रिक पास, अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. म्हणजे लोकांच्या समजुतीनं शहाणा.

सत्तावन-अठ्ठावनची गोष्ट. माझी दोन स्थळं चष्म्यापायी मोडली होती. तिसरं अकोल्याचं आलं. मुलीचे वडील कापसाचे बडे दलाल. मुलीला वाचायचा नाद आहे असं मध्यस्थानं सांगितलं मात्र, मी मनानं बोहल्यावर चढूनही बसलो! दलालांची अट एकच होती, जावई चष्मेवाला नको. (चष्मेवाला माणूस चाळिशीत आंधळा होतो, असं त्यांचं शास्त्र होतं.) मला हे लग्न हवं होतं. फार हवं होतं. आणि नेमकं हेच मामानं हेरलं.

मामा व्यायामशाळेतला जुना गडी. छातीचं माप तो येईल-जाईल त्याला सांगायचा. डोक्याचं कोणी विचारलं नव्हतं. "चष्म्यानं डोये आयशी होतात, कामच नाही करत," तो म्हणाला. "दोन महिने माह्या हाती दे, तुहा नंबर झाडून टाकतो." आणि माझा चष्मा काढून त्यानं आपल्या ट्रंकेत घातला, वर कुलूप लावलं.

मग सुरू झाली निसर्गाची गुलामगिरी. पहाटे दवावर अनवाणी चालायचं, लांबच्या कडुलिंबाचा शेंडा न्याहाळायचा, मिटल्या डोळ्यांवर कोवळं ऊन घ्यायचं, त्रिफळ्याच्या पाण्यात तोंड खुपसून डोळ्यांची उघडझाप करायची. दिवा लागला की वाचन बंद. याच काळात मी कचेरीत पट्टेवाल्याला वाकून नमस्कार केला आणि साहेबाला चहा सांगून यायला फर्मावलं. मामाचं म्हणणं, हा डोळ्यातला जुना मळ निघून राहिला.

मला ते पटायचं, कारण प्रगतीचा पुरावा त्याच्याकडे होता ना! दोरी. कोऱ्या सुताची, त्यानं स्वतः मांडीवर वळलेली, एकेका बोटाच्या अंतरावर गाठ मारलेली. एक टोक डोळ्याखालच्या हाडाला लावायचं, पेपर हळूहळू लांब न्यायचा, अक्षरं पुसट झाली की तिथवरच्या गाठी मोजायच्या. हरवू नये म्हणून दोरी कायम गळ्यात. आंघोळीत गळ्यात, त्रिफळ्याच्या पाण्यातही गळ्यात. मग अंगणात उन्हाला बसून मी आणि दोरी दोघांनी वाळायचं. आणि गाठी वाढायला लागल्या! आई एकदा म्हणाली, "पेपर तं तू अजून तसाच नाकाले लावून राहिला." तिला आम्ही दोघांनी मिळून अडाणी ठरवलं.

मामानं मला बरा झाल्याचं जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात आम्ही मोटारीनं अकोल्याला गेलो. चष्मा अर्थातच ट्रंकेत!

दलालांच्या बैठकीत शिरलो तर भिंतीशी काळ्या कोटातले, टोपी घातलेले एक गृहस्थ ताठ उभे. हेच सासरे, मी ओळखलं. वाकून नमस्कार केला. ते गप्प. मोठ्या माणसांचा रुबाब असाच असतो, असं म्हणून मी आणखी वाकलो आणि तब्येतीची चौकशी केली.

मागून कोणीतरी खाकरलं. "मी इथं हावो, पाव्हने. तो माहा कोट हाय."

खुंटीवर कोट, त्याच्यावर टोपी. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण मामा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. आमच्या घरी वडीलधाऱ्यांच्या कपड्यांनासुद्धा मान देतात, असं त्यानं बेधडक सांगितलं. दलाल चक्क खूश झाले!

मग मुलगी पोहे घेऊन आली. म्हणजे एक हिरवट ढग आत आला आणि समोर बसला. मामानं ढोसलं तशी मी मान हलवून, मुलगी पसंत असल्याचं दाखवलं. दलाल म्हणाले, आता पोरीलाही काही विचारायचं असेल तर विचारू दे. तिनं कोटाचा प्रकार दारामागून पाहिला असावा. शांतपणे म्हणाली, "समोरचा फोटो कोनाचा हाय?"

मी डोळे बारीक केले. मोठं पोट. वर लालसर काहीतरी, मुकुट असणार. मी श्रद्धेनं हात जोडले आणि म्हणालो, "गणपती!"

आत स्वयंपाकघरात कोणाच्या तरी हातून भांडं पडलं. फोटो दलालांचा होता. फेटा बांधून, रंग भरून, हौसेनं काढून घेतलेला.

"आमच्या भाच्याले मानसात देव दिसते," मामा म्हणाला.

"अन् कोटात मानूस!" दलाल कडाडले. "याले चष्मा लागते ना?"

झालं! मामानं माझ्या गळ्यातली दोरी उपसली आणि गाठी दाखवत भर बैठकीत व्याख्यान सुरू केलं. दलालांनी ती हातात घेतली, बोटानं चाचपली, ताणली, गाठींमध्ये बोट ठेवून पाहिलं. जन्म कापसात गेलेला माणूस. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन कीव आली असणार; मला आवाजावरून कळलं.

"भिजत होती का हे? कोरं सूत पान्यानं आटते, पाव्हने. गाठी जवय आल्या. याचा डोया नाही सुधरला, तुमची दोरी आखडली."

कापसाच्या मुलखात जन्मलेले आम्ही दोघं ठोंबे, एकमेकांकडे पाहत बसलो. (त्यातला मामाही मला नीट दिसत नव्हता.) मी घाईघाईनं म्हणालो की चष्मा आहे माझा, उद्या लावून येतो. हिरवा ढग उठून दाराशी गेला होता. तो थांबला.

"बाबा, चष्मा असता तं मी तुमाले समजावलं असतं," ती म्हणाली. "पन स्वतःच्या डोयांपेक्षा दोरीवर भरवसा ठेवनारा मानूस मले नको."

परतीच्या वाटेवर मामा अवाक्षर बोलला नाही. तेवढाच काय तो निसर्गोपचाराचा मला झालेला फायदा. घरी आईनं विचारलं, पोरगी दिसायला कशी होती? मी काय सांगणार, कपाळ! मला नाकारणारी ती मुलगी दिसायला कशी होती, हे आजतागायत मला ठाऊक नाही. तिनं मात्र मला अगदी नीट पाहिलं होतं.